बारावीस राज्यशास्त्र कसे अभ्यासावे

ज्या दिवशी आपण कला शाखेच्या प्रवेशअर्जावर राज्यशास्त्र या विषयापुढे खूण कराल, त्याच सायंकाळी घरी आलेले एखादे मामा वा काका, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वीच, "मग काय, पुढारी होणार वाटतं?" असा सवाल करतील, हे गृहीत धरून उत्तर आधीच सिद्ध ठेवावे. संविधानाच्या 173व्या अनुच्छेदात विधानसभेच्या उमेदवारासाठी नागरिकत्व, विहित शपथ आणि किमान 25 वर्षे वय या अटी घातल्या असल्या, तरी शिक्षणाचा तेथे कोठेही उल्लेख नाही. सबब पुढारीच व्हावयाचे असते, तर हा विषय घेण्याची गरज पडली नसती, असे अत्यंत नम्रपणे सांगावे व पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जावे.

आता प्रत्यक्ष अभ्यास. प्रथम व्याख्या मुखोद्गत कराव्यात. राज्याचे घटक चार: लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. कौटिल्याने मात्र स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र अशी सात अंगे सांगितली आहेत. चार आणि सात यांचा मेळ घालण्याच्या भरीस पडू नये. प्रश्न ज्याच्या नावाने येईल, त्याची यादी द्यावी. आपल्या तालुक्यातील साखर कारखान्याच्या निवडणुकीत या सातांपैकी कोश आणि मित्र ही दोनच अंगे विशेष कार्यक्षम असल्याचे ध्यानी आले, तर ते निरीक्षण उत्तरपत्रिकेत न लिहिता मनातच बाळगावे.

या विषयाची खरी कसोटी पक्षांतरबंदीच्या टिपेत लागते. तेथे असे लिहावे की, 1985 साली 52व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची जोडण्यात आली. पुढे 2003 साली 91व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली मुभा काढून घेण्यात आली, आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणारे विलीनीकरण तेवढे ग्राह्य राहिले. त्यानंतर "अशा रीतीने पक्षांतरास आळा बसला" हे वाक्य लिहून खाली रेघ मारावी व पुढील प्रश्नाकडे वळावे. रेघ मारताना हात थबकण्याचा संभव आहे. कारण जून 2022 मध्ये शिवसेनेचे अनेक आमदार प्रथम सुरतेस आणि तेथून गुवाहाटीस गेले, अपात्रतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मे 2023 मध्ये निर्णयासाठी विधानसभेच्या अध्यक्षांकडे परत आले, आणि 10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्षांनी दिलेल्या निर्णयानुसार दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही, हे विद्यार्थ्यानेही वर्तमानपत्रात वाचलेले असते. सुरत आणि गुवाहाटी ही नावे भूगोलाच्या पेपरासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर.

'चूक की बरोबर ते सकारण सांगा' या प्रश्नात विधान पुस्तकाप्रमाणे बरोबर आणि चावडीप्रमाणे चूक असल्यास पुस्तकाचा पक्ष धरावा. 'आपले मत लिहा' असा हुकूम झाल्यास, पुस्तकात असलेलेच मत आपलेही असल्याचे "माझ्या मते" एवढे दोन शब्द जोडून नम्रपणे जाहीर करावे. लेखी परीक्षेच्या 80 गुणांचा बंदोबस्त याच मार्गाने होतो. ज्यांना याहून संक्षिप्त मार्ग हवा असेल, त्यांच्यासाठी परीक्षेच्या तोंडावर अपेक्षित प्रश्नसंच बाजारात येतातच.

एवढे सारे बजावल्यावर एक गोष्ट मात्र थट्टेवारी न करता सांगितली पाहिजे. दहावी अनुसूची जिने वाचली आहे, ती मुलगी वर्तमानपत्रातील त्या बातमीवर नुसती चिडत नाही. फूट कोणती, विलीनीकरण कोणते आणि निर्णयाचा अधिकार सभागृहाच्याच अध्यक्षांकडे ठेवल्याने पेच कोठे पडतो, हे तिला सांगता येते. हे ज्ञान गुणपत्रिकेवर उमटत नसले, तरी मत देताना उपयोगी पडते. संविधानाच्या 61व्या दुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले, आणि बारावी संपते न संपते तोच बहुतेकांस हे वय गाठता येते. म्हणून निकाल लागल्यावर पदवीच्या प्रवेशाची कागदपत्रे गोळा करताना, ज्यांची 18 वर्षे पूर्ण झाली असतील त्यांनी वयाचा व निवासाचा पुरावा जोडून मतदार नोंदणीचा नमुना 6 हाही अर्ज भरावा.