एक पंप, दोन धनी

'कचकचून ब्रेक मारला की स्टिअरिंग जड होतं' अशी तक्रार कोणी केली, की चार माणसं चार औषधं सांगतात. एक म्हणतो टायरमधली हवा बघा, दुसरा म्हणतो अलाइनमेंट करून घ्या, तिसरा सरळ रॅकच बदलायला सांगतो. चौथ्याने जन्मात बॉनेट उघडलेलं नसतं. तो म्हणतो, "खांदा दाखवून घ्या." याला अगदीच हसण्यावारी नेऊ नये. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि भाराखालचं चाक वळवायला जोर जास्त लागणारच. तेवढा जडपणा हा गाडीचा स्वभाव. औषध लागतं ते त्यापुढच्या जडपणाला.

इथे मिशिगनमध्ये आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर जुनी मस्टँग जीटी घेतली, २००१ सालची. लेक म्हणाली, "बाबा, या वयात?" बाबांनी उत्तरादाखल रेस दिली. व्ही-८चा तो आवाज ऐकला की वयाचा विषय बंदच होतो. पण भरधाव जाताना पुढे सिग्नल लाल झाला, क्लच आणि ब्रेक एकदम दाबले आणि त्यातच लेन बदलायची वेळ आली, की स्टिअरिंग हटून बसायचं. एरवी म्हणाल तर लोणी.

या गाडीची एक खुबी आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला मदत मिळते ती इंजिनच्या व्हॅक्यूमची, आणि त्यासाठी एक भलामोठा डबा लागतो. १९९६ साली मस्टँग जीटीत ४.६ लिटरचं नवं, रुंद इंजिन आलं आणि त्या डब्याला जागा उरेना. म्हणून हायड्रोबूस्ट बसवला. म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा जो पंप, तोच आता ब्रेकलाही मदत करणार. जुन्या वाड्यात एकच नळ असायचा. खालच्या बिऱ्हाडाने बादली लावली की वरच्या मजल्यावर आंघोळीला बसलेला माणूस साबण लावलेला तसाच ओरडायचा. इथे खालचं बिऱ्हाड ब्रेकचं. पंपाचं तेल आधी बूस्टरमध्ये जातं, तिथून पुढे स्टिअरिंगला. हा क्रम मला रास्त वाटतो. वळता आलं नाही तरी थांबता यावं.

एरवी दोघांना पुरून उरेल इतकं तेल पंप देतो. पण तो फिरतो इंजिनच्या बेल्टवर. क्लच दाबला की इंजिन आयडलला येतं आणि पंपही मंदावतो. नेमके त्याच घटकेला दोन्ही धनी दारात उभे.

तपासणी मात्र अगदी साधी असते. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, म्हणजे अॅक्युम्युलेटरमध्ये साठलेला दाब संपतो. मग पेडलवर पाय ठेवूनच स्टार्टर मारायचा. पेडल आधी खाली जातं आणि लगेच पायाला वर ढकलतं. या गाडीत ते ढकललं, म्हणजे बूस्टर ठीक. तेल पातळीत होतं, फेस नव्हता, बेल्टही घट्ट. तरी एका गॅरेजवाल्याने नवा रॅक बसवायचा म्हणून कागद पुढे केलाच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

उलगडा झाला तो बोलण्याच्या ओघात. गृहस्थ सहज म्हणाले, "सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइटही जरा मंद होतात हो. वयच झालंय तिचं."

हेडलाइटचा आणि स्टिअरिंगचा संबंध काय? एकच बेल्ट. अल्टरनेटर त्याच्यावर आणि पंपही त्याच्यावर. दोघेही एकदम अशक्त होत असतील, तर दोष त्यांना फिरवणाऱ्यात शोधावा. आधीच्या मालकाने क्रँकला लहान पुली बसवली होती, हौशी मंडळी जिला अंडरड्राइव्ह म्हणतात ती. अल्टरनेटर, पंप वगैरे मंडळी तिच्यामुळे हळू फिरतात आणि इंजिनची वाचलेली थोडी ताकद चाकांना मिळते. ती ताकद कुठून आली, हे ब्रेक मारल्यावर दंडाला कळतं.

मूळ मापाची पुली बसली, स्टिअरिंग वळू लागलं, दिवे लखलखले. आता गृहस्थांचं म्हणणं, गाडीत पूर्वीचा दम राहिला नाही. म्हटलं, "अहो, गेले ते घोडे तुमच्या लक्षात तरी आले होते का?" तर म्हणाले, "आले नव्हते. पण होते ना!"