चाळिशीनंतरचे स्केट्स : खरेदीचा शास्त्रोक्त विधी

ही मार्गदर्शिका टोरांटो आणि आसपासच्या मुलखातल्या मराठी गृहस्थ-गृहिणींसाठी आहे. त्यांनी आजवर मुलांना रिंकवर सोडून काचेच्या अलीकडे कॉफी पीत बसण्याचं कर्तव्य निष्ठेने बजावलं आणि एके दिवशी, काहीही कारण नसताना, त्यांना वाटलं की आता आपणही शिकावं. असं का वाटतं, याची चौकशी इथे केलेली नाही. वाटणाऱ्या व्यक्तीला यापुढे 'इच्छुक' म्हटलं आहे. इच्छुक स्त्री असो वा पुरुष, क्रियापदं पुल्लिंगी चालवली आहेत. आपटताना तसाही भेद राहत नाही.

इच्छुकाची पहिली हजेरी भाड्याच्या स्केट्सवर लागते. हे बूट बहुधा प्लास्टिकचे, धार बोथट आणि आतून अनोळखी पायांनी सैल करून ठेवलेले. कठडा धरून एक फेरी होते. दोन्ही घोटे आतल्या बाजूला कलतात, गुडघे एकमेकांना भेटतात आणि घरी परतताना गाडीत निवेदन होतं : "माझे घोटेच कमकुवत आहेत. आमच्या घराण्यातच आहे ते. काकांचेही असेच होते." काकांनी हयातीत बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलेला असतो, पण साक्षीदार म्हणून ते चालतात.

घोट्यांवरचा हा आरोप बहुतेक वेळा खोटा असतो. त्यांची सुटका करणं एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू आहे.

आधी गुन्ह्याचं स्थळ पाहू. फिगर स्केटच्या ब्लेडची जाडी साधारण ४ मिलिमीटर. तळाला मधोमध पन्हळ काढलेली असते, त्यामुळे ब्लेडला दोन कडा होतात, एक आतली आणि एक बाहेरची. वळणं, गिरक्या, उड्या, सगळा खेळ या दोन कडांवर चालतो. पाऊल किंचित कललं की कड बदलते आणि कड बदलली की दिशा. आता हा कल पायातून बुटात, बुटातून ब्लेडमध्ये आणि ब्लेडमधून बर्फात पोचायला हवा. सैल बुटातलं पाऊल म्हणजे पातेल्यात सोडून दिलेली पळी : पळी फिरते, पातेलं जागचं हलत नाही. पाय आत एकीकडे, ब्लेड खाली दुसरीकडे, आणि मध्ये सापडतो तो घोटा. शिक्षा त्यालाच होते.

म्हणून नंबर. इथे इच्छुकाला आपल्या संस्कारांशी झगडावं लागेल. जून महिन्यात शाळेचे बूट घेताना "वाढतं पाऊल आहे" म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस कोंबायचा, हे आपण शिकलो. पाऊल वाढायचं थांबून दोन तपं उलटली तरी दुकानात शिरल्यावर तोंडातून "एक नंबर मोठा द्या" हेच निघतं. स्केट्सना हे चालत नाही. बहुतेकांना रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान स्केट लागतो. हे वाचून ज्यांचा श्वास अडकला त्यांनी थोडं पाणी प्यावं आणि पुढे वाचावं.

लहान म्हणजे कशापेक्षा लहान, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या दुकानातला पुरुषांचा ८ नंबर हे ब्रिटिश माप. तोच पाय कॅनडात उतरला की ९ होतो, युरोपात ४२च्या आसपास जातो, आणि इटलीची एडिआ कंपनी हे काहीच न मानता थेट मिलिमीटर विचारते. सबब कोणत्याही बुटाच्या जिभेवर छापलेला आकडा प्रमाण धरू नये. पाऊलच मोजावं. संध्याकाळी मोजावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. उभं राहून मोजावं, कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, दुसऱ्या कुणीतरी पेन्सिल सरळ धरून खूण करायची. स्वतः वाकून खूण करू नये. वाकल्यावर भार सरकतो, आणि चाळिशीनंतर इतरही काही सरकू शकतं. दोन्ही पावलं मोजावीत. ती सारखी निघत नाहीत. मोठ्याला बसेल असा नंबर धरावा.

लांबीपेक्षा रुंदीचा मुद्दा आपल्या लोकांना जास्त लागू आहे. ज्यांचं बालपण चपलांत आणि अनवाणी गेलं, त्यांचा चवडा ऐसपैस पसरलेला असतो आणि टाच मात्र बेताची. अशा पायाला अरुंद बूट चवड्याशी आवळतो. मग इच्छुक दोन नंबर मोठा मागतो, चवडा सुखावतो, टाच आत डोलू लागते, आणि पुन्हा काकांची साक्ष निघते. त्याऐवजी रुंदी मागावी. जॅक्सन, मिनेसोटातली रीडेल अशा कंपन्या एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदीचे बूट करतात. "वाइड आहे का?" हे तीन शब्द विचारायला लाज वाटू नये.

मोज्यांबद्दल घरात वाद होईल, त्याची तयारी ठेवावी. सासूबाईंनी साताऱ्याहून लोकरीचे मोजे धाडलेले असतात आणि ते घालायला याहून चांगला मुहूर्त नाही असं सर्वांचं मत पडतं. मोजे पातळ हवेत. जाड मोजा घट्ट बुटात दाबला गेला की रक्त नीट खेळत नाही, आणि ज्या थंडीसाठी तो घातला तीच थंडी बोटांत येऊन बसते. लोकरीचे मोजे रिंकच्या बाहेर बाकावर बसताना घालावेत, फोटो काढावा, तो साताऱ्याला पाठवावा.

आता दुकान. जिथे स्केट्स खोक्यात रचलेले असतात आणि विक्रेता दुरूनच "कोणता साइझ?" विचारतो, तिथून नम्रपणे बाहेर पडावं. फिगर स्केट्स बसवून देणारा माणूस वेगळा असतो. त्याला फिटर म्हणतात, आणि तो पहिल्यांदा तुमचे मोजे उतरवायला लावतो. इथे एक सांस्कृतिक अडचण उद्भवते. फिटर बहुधा वयाने मोठा असतो. तो बुटक्या स्टुलावर समोर बसून तुमचं पाऊल हातात घेतो. वडीलधाऱ्या माणसाने पायाला हात लावताच मराठी माणूस शहारतो, "अहो, अहो, राहू द्या" म्हणत पाय मागे ओढतो. पाय ओढू नये. माप चुकतं. नमस्कार करायचाच असेल तर बिल झाल्यावर करावा.

बूट चढवल्यावर लेस न बांधता पाऊल पुढे सरकवावं, बोटं पुढे टेकवावीत आणि गुडघा वाकवावा. टाचेमागे फार तर पेन्सिल जाईल एवढी जागा राहावी. दोन बोटं आरामात गेली तर तो बूट कितीही सुंदर असला तरी तुमचा नव्हे. मग टाच मागे ठोकून बसवावी आणि लेस बांधावी : बोटांकडे बेताची, घोट्याच्या वळणावर आवळून, वरच्या हुकांशी पुन्हा जरा सैल, म्हणजे गुडघा वाकवता येतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या कडेला नुसती पुसटशी लागावीत. गुडघे वाकवल्यावर ती मागे यावीत. चवड्यावर उठल्यावर टाच आतल्या आत उचलली जाता कामा नये. ही शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक इच्छुक तिच्यात खोटं बोलतात. टाच उचलली जाते हे कळत असूनही फिटरच्या चेहऱ्याकडे पाहून "परफेक्ट" म्हणतात, कारण त्याने आधीच चार खोकी उघडलेली असतात. भिडेखातर बूट घेऊ नये.

घट्ट आणि दुखणारा यांत फरक आहे. सगळीकडून सारखा दाब असेल तर तो चालतो. नव्या बुटाला तेवढा मान द्यावा लागतो. पण एकाच जागी टोचत असेल, बोटं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील तर बोलावं. पंधरा-वीस मिनिटं बूट घालून बसून राहावं. विक्रेता घाई करत नाही. घाई असते ती सोबत आलेल्या कुटुंबाला. घोट्याचं हाड किंवा अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं हाड दबत असेल तर त्या जागी बूट यंत्राने आतून फुगवून देतात. बरेच बूट खास भट्टीत काही मिनिटं गरम करून पायावरच आकार देण्याजोगे असतात. हे काम दुकानात करून घ्यावं. घरचा ओव्हन ढोकळ्यासाठी आहे.

यानंतर मोहाचा क्षण. फिटर आत गेलेला असताना इच्छुकाची नजर वरच्या फळीवरच्या, जाड, गंभीर दिसणाऱ्या बुटांवर जाते. ते दुहेरी-तिहेरी उड्या मारणाऱ्यांचे असतात. उडीवरून उतरताना पडणारा मार झेलता यावा म्हणून ते मुद्दाम कडक केलेले असतात, आणि कंपन्या हा कडकपणा आकड्यांत सांगतात. इच्छुकाचा युक्तिवाद ठरलेला असतो : "घ्यायचाच तर एकदाच चांगला घेऊ. मग दहा वर्षं पाहायला नको." अशा बुटात नवशिक्याचा घोटा वाकतच नाही, घोटा न वाकल्याने गुडघा वाकत नाही, आणि गुडघा न वाकता बर्फावर जे होतं ते पाहायला मुलीच्या मैत्रिणी जमतात. "बाबा, प्लीज, तू मला ओळखत नाहीस असं दाखव," हे वाक्य त्या बुटाच्या किमतीत धरलेलं नसतं. उलट अगदी मऊ बूटही नको. नऊ वर्षांच्या पोरीला जो बूट पुरतो, तो तिच्या दुप्पट-तिप्पट वजनाच्या पालकाखाली लवकरच मान टाकतो. म्हणून त्याच वर्गात शिकणाऱ्या मुलापेक्षा प्रौढाला थोडा कडक बूट लागतो. फिटरला वजन खरं सांगावं. तो डॉक्टर नाही, व्यायामाबद्दल बोलणार नाही.

बूट ठरला, आता ब्लेड. ती बुटाला कायमची स्क्रूने बसवण्याची कल्पना अमेरिकेच्या जॅक्सन हाइन्सची मानतात, १८६०च्या दशकातली. त्याआधी ब्लेड नेहमीच्या बुटाला पट्ट्यांनी बांधत, आणि ती सुटली की दोष पट्ट्याला देता येई. हाइन्स मूळचा नर्तक; त्याची कला मायदेशापेक्षा व्हिएन्नात जास्त चालली. दुकानातल्या जॅक्सन स्केट्सचं नाव मात्र त्याच्यावरून नाही. ते कॅनडाच्या डोनाल्ड जॅक्सन यांचं, ज्यांनी १९६२ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत पहिली ट्रिपल लुट्झ उडी मारून सुवर्णपदक जिंकलं. ही माहिती फिटरला ऐकवू नये. त्याला ती असते.

नव्या ब्लेडला धार आहेच, असं गृहीत धरू नये. बर्फावर जाण्याआधी ती लावून घ्यावी लागते, आणि ती फिगर स्केट्स जाणणाऱ्याकडूनच. नेहमी हॉकीचे स्केट्स घासणाऱ्या यंत्रावर पुढच्या दातांपैकी सर्वांत खालचा दात छाटला जाऊ शकतो. हे दात म्हणजे टो-पिक. पहिल्या दिवशी त्यांच्यावरच अडखळून आपण पडणार असतो; तरीही ते छाटायला सांगू नये. कुणी कारण विचारलं तर गिरक्या आणि उड्यांना ते लागतात, असं उत्तर द्यावं, जणू आपण पुढच्या महिन्यातच मारणार आहोत.

सेकंडहँडचा मोह प्रत्येकाला होतो. "फक्त दोनदा वापरले" अशी जाहिरात दिसते, पाऊण किंमत वाचते. घ्यायला हरकत नाही, पण बुटाचा वरचा भाग घोट्यापाशी हाताने दाबून पाहावा. कापडासारखा दुमडला किंवा तिथे खोल सुरकुती पडलेली असेल तर तो बूट निवृत्त झाला आहे. आतला तळवा काढून उजेडात धरावा. पहिल्या मालकाच्या पायाचा ठसा खोल उमटलेला असेल तर तुमचा पाय त्यात पाहुणाच राहणार.

किरकोळ वस्तूंत कंजूषी नको. बाकावरून बर्फापर्यंत चालायला प्लास्टिकचे कडक गार्ड, आणि पुसून कोरड्या केलेल्या ब्लेडवर घरी न्यायला कापडी. दोन्हींची अदलाबदल करू नये. कडक गार्डात ओली ब्लेड ठेवली की गंजते. कॅनडात नवशिक्यांच्या कॅनस्केट वर्गात पाचव्या टप्प्यापर्यंत मान्यताप्राप्त हॉकी हेल्मेट सक्तीचं आहे. केस विस्कटतात ही सबब चालत नाही, आणि चाळिशीनंतर ती सगळ्यांना लागूही होत नाही.

राहता राहिली किंमत. नीट बसवलेली नवशिक्यांची जोडी साधारण २०० डॉलरच्या पुढे जाते. भारतात फोनवर सांगताना आकडा रुपयांत करू नये. ताई मनातल्या मनात गुणाकार करतेच. तिला मदत करू नये. अनुभवी लोक बूट आणि ब्लेड यांची किंमत वेगवेगळ्या दिवशी सांगतात आणि बेरीज ऐकणाऱ्यावर सोडतात. मात्र नवशिक्यांचे बूट बहुधा ब्लेडसकट एकाच किमतीला येतात, तेव्हा ही सोय मिळेल ती पुढच्या जोडीच्या वेळी.