घरबसल्या बुलेट थांबवायला शिका

अभिनंदन! बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट तुमच्या दारात उभी आहे. ती आजोबांकडून आली असेल, किंवा 'आजोबांची होती' असं सांगणाऱ्या कुणाकडून तुम्ही घेतली असेल. पुढचा ब्रेक दाबला की हात दुखतो, केबल कुरकुरते आणि गाडी जात राहते, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं आहे. खचू नका. ब्रेक सुधारणं हा छंद आहे आणि छंदाला वेळ, पैसा आणि समजूतदार घरचे लागतात. तिसरी गोष्ट बाजारात मिळत नाही. पहिल्या दोन कशा संपवायच्या ते पाहू.

१. आधी रोगाचं नाव पाठ करा.

जुन्या बुलेटला पुढे ६ इंची ड्रम आणि त्यात दोन शू असतात. पैकी एक 'लीडिंग'. चाक फिरतं त्या दिशेने तो ड्रममध्ये ओढला जातो आणि आपला आपणच आणखी आवळतो. दुसरा 'ट्रेलिंग'. त्याला फिरता ड्रम परत ढकलून देतो. थोडक्यात, एक राबतो आणि दुसरा हजेरी लावतो. याला म्हणायचं सिंगल लीडिंग शू. एवढं पाठ झालं की तुम्ही जाणकार झालात. ब्रेक लागला नाही, गाडी वळणावर सुटली, बायकोच्या माहेरी पोचायला उशीर झाला, काहीही होवो, "सिंगल लीडिंग आहे ना!" असं म्हणून सुस्कारा सोडा. चहाच्या टपरीवरचे सगळे मान डोलावतील.

२. फुकटचे उपाय कटाक्षाने टाळा.

नवशिके इथेच फसतात. थोडक्यात ब्रेक बरा झाला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातील, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तेव्हा खालच्या गोष्टी चुकूनही करू नका.

पुढच्या एक्सलचा नट जरासा सैल करून, चाक गरकन फिरवून, ब्रेक गच्च दाबायचा आणि तसाच दाबून ठेवून नट पुन्हा आवळायचा, असला उद्योग करू नका. त्याने ब्रेकची प्लेट ड्रमच्या मधोमध बसते, दोन्ही शू सारखे टेकतात आणि फरक त्याच दिवशी जाणवतो. खर्च शून्य. घरी पान्हा असेल तर तो कपाटात ठेवून कुलूप लावा.

केबल बदलू नका. जुन्या केबलचं आवरण दबतं, आतली तार गंजलेली असते आणि मुठीचा बराचसा जोर वाटेतच जिरतो. नवी, जाड, बरोबर लांबीची केबल टाकली की हा जोर हबपर्यंत पोचतो. पण 'केबल बदलली' हे वाक्य चारचौघांत सांगून बघा. कुणी मागे वळूनसुद्धा बघत नाही.

हबवरच्या दांडीकडे पाहू नका. शू ड्रमला टेकतात त्या क्षणी ती दांडी आणि केबल यांच्यात साधारण ९० अंशांचा कोन असावा, म्हणजे ओढीचा पुरेपूर उपयोग होतो. दांडी त्याच्या फार पुढे गेली असेल तर शूंवरचे लायनर झिजल्याची शक्यता आहे, आणि लायनर झिजणं हा अगदीच सामान्य माणसाचा आजार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, ड्रम लेथवर लावू नका. स्पोक आवळले की ते ड्रमलाही ओढतात आणि गोल ड्रम किंचित लांबट होतो. म्हणून शहाणा टर्नर स्पोक-रिंगसकट अख्खं चाक लेथवर चढवून ड्रम आतून हलका छिलतो. असा माणूस कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शोधायला गेलात तर सापडण्याची भीती आहे. पुढे तो लायनरला खडू फासेल, चाक फिरवेल, जिथला खडू पुसला गेला त्या उंच जागा घासेल आणि पूर्ण लायनर ड्रमला टेकेपर्यंत हेच करत बसेल. अख्खी दुपार जाईल आणि शेवटी ब्रेक लागेल. पण बाहेरून काय दिसेल? काहीच नाही! सगळं काम झाकणाच्या आत. अशा कामाचा फोटो काढता येत नाही.

(एक सूचना मात्र खरोखरच पाळा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. मेकॅनिक हसेल, हसू द्या.)

३. तोपर्यंत थांबायचं कसं?

मागच्या ब्रेकने. तो डाव्या पायाशी आहे, गिअर उजव्या पायाशी. आजवर तुम्ही इतर गाड्या चालवल्या असतील तर संकटात तुमचा उजवा पाय आपसूक खाली दाबला जाईल. या गिअरबॉक्सला पहिला वर आणि बाकीचे तीन खाली असल्यामुळे समोर रिक्षा आडवी आली असताना तुम्ही वरचा गिअर टाकाल. आत्मविश्वास म्हणतात तो हाच.

४. पंचायत बोलवा.

रविवारी सकाळी नाश्त्याला जाणाऱ्या बुलेटवाल्यांच्या घोळक्यात विषय काढा. एक म्हणेल ट्विन लीडिंग. दुसरा म्हणेल डिस्क. तिसरा म्हणेल, "बुलेटला ब्रेक कशाला, इंजिनाच्या ओढीनेच थांबते." तिसऱ्याच्या हँडलचा कोन नीट पाहा. मग पहिल्या दोघांपैकी ज्याची मिशी मोठी त्याचं ऐका. निवडीची याहून शास्त्रीय पद्धत या क्षेत्रात प्रचलित नाही.

५. ट्विन लीडिंग ठरलं तर.

पुण्यात नाना पेठ, नाही जमलं तर जुना बाजार, तेही नाही तर दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअर. 'इंग्लंडचा माल' म्हटलं की किंमत वाढते. माल कुठला हे विचारून दुकानदाराला अवघडवू नका, त्यालाही पोट आहे. ट्विन लीडिंगचा ७ इंची ड्रम म्हणजे नवा हब, नवा हब म्हणजे नवे स्पोक, नवे स्पोक म्हणजे चाकाचा आऊट काढणं. आणि आता सगळं उघडलंच आहे तर रिंगला क्रोमही करून घ्या. क्रोमने गाडी थांबत नाही, पण बघणारे थांबतात.

या ब्रेकमध्ये दोन्ही शू लीडिंग असतात. त्यासाठी दोन कॅम लागतात आणि बाहेरून एक जोडदांडी त्यांना एकत्र हलवते. सगळा खेळ या दांडीच्या लांबीचा आहे. दोन्ही कॅम एकाच क्षणी उघडले पाहिजेत, म्हणजे दोन्ही शू एकदम टेकतात. लांबी चुकली तर एक शू आधी टेकतो आणि दुसरा पोचतच नाही. मेकॅनिक दांडी आहे तशी बसवेल आणि सांगेल, "चालवा शेठ, सेट होईल." चालवा. आता तुमच्याकडे पुन्हा एकच राबणारा शू आहे, फक्त या खेपेला तो ७ इंची ड्रममध्ये बसून राबतो.

दांडी चुकून बरोबर बसलीच, तर साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडका. गाडी मागे सरकू लागली आणि चाक उलट फिरलं की दोन्ही लीडिंग शू एकदम ट्रेलिंग होतात. पुढे जाताना धरणारा ब्रेक मागे येताना जेमतेम धरतो. मागच्या ट्रकवाल्याकडे पाहून हसा. डावा पाय ब्रेकवर दाबलेला असल्यामुळे जमिनीवर उजवा टेकवा, आणि तो गिअरवरून उचलताना काय होईल ते देवावर सोडा.

६. डिस्क ठरली तर.

हा राजमार्ग, म्हणून खर्चही राजेशाही. नंतरच्या बुलेटवर २८० मिलिमीटरची डिस्क आली, तीच तुम्हाला हवी. पण कॅलिपर धरायला जागा हवी आणि जुन्या फोर्कला ती नसते. म्हणजे फोर्कचे पाय नवे. मग हब नवा, चाक नवं. स्पीडोमीटरची केबल कुठून घ्यायची हा प्रश्नही नवा. काटा शून्यावर राहिला तर ब्रेकसुद्धा फार जोरात लावावासा वाटत नाही, हा वरचा फायदा.

हँडलवर मास्टर सिलिंडर येईल. त्यातल्या पिस्टनचा व्यास आणि कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास यांचं नातं जुळावं लागतं. मास्टर फार मोठा घेतला तर लिव्हर दगडासारखा लागतो, फार छोटा घेतला तर मूठ हँडलला टेकते आणि गाडी चाललेलीच असते. याचं साधं गणित आहे. ते कुणी करत नाही. बहुतेक जण काळा की चंदेरी एवढंच ठरवतात आणि तुम्हीही तेच करा.

ब्रेक ऑइल भरताना टाकीवर एक थेंब सांडा. हे ऑइल रंग खातं. हाताने ओढलेल्या त्या सोनेरी रेघा जिथे विरघळतील तिथे बोट ठेवून "पॅटिना" म्हणा. पाइपातली हवा अर्धवट काढा, म्हणजे ब्रेक दर वेळी वेगळ्या ठिकाणी लागेल आणि चालवणारा जागा राहील.

टायर मात्र जुनाच ठेवा. कितीही मोठी डिस्क लावली तरी शेवटी रस्त्याला धरायचं असतं ते टायरने, आणि वाळून कडक झालेला टायर लगेच घसरतो. पण टायरवर खर्च केला तर डिस्कसाठी उरणार काय?

७. कायदा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने मुळात बनवलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल करायचा नाही. कलम मोठ्याने वाचा, पुस्तक मिटा. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिला 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज पाटीही मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. आणि ती रस्त्यावर आणायची तर प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, दुरुस्तीसाठी किंवा पेट्रोल भरायला. भाजी आणायला नाही. मूळ रूप जपायचं आणि मूळ ब्रेक बदलायचा, या दोन ध्येयांमधला ताण सहन होत नसेल तर पुन्हा पायरी ४ ची पंचायत बोलवा. तिथे प्रत्येकाचा कुणीतरी आरटीओत असतो.

८. चाचणी.

६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणून या वेगात चाचणी घेण्याचा वेडेपणा करू नका. संध्याकाळी सहा वाजता पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर जा. तिथे १० च्या वर काटा जात नाही. ब्रेक दाबा. गाडी जागच्या जागी थांबेल, तुम्ही धन्य व्हाल. सिंगल लीडिंगनेही इथे थांबलीच असती, असं मागे बसलेल्या मेव्हण्याने म्हटलं तर त्याला रिक्षाने घरी जायला सांगा.

९. जुना ड्रम जपून ठेवा.

काढलेला ६ इंची ड्रम, प्लेट आणि गंजकी केबल भंगारात घालू नका. तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. दोन-चार वर्षांत तुम्हाला गाडी विकावी लागेल, कारण गृहकर्ज किंवा मुलांचे क्लास कुणालाच चुकले नाहीत. गिऱ्हाईक येईल, गुडघ्यावर बसेल, डिस्ककडे बघून नाक मुरडेल आणि विचारेल, "ओरिजिनल ब्रेक आहे का?" तेव्हा माळ्यावरून गाठोडं उतरवा आणि मागाल ती किंमत मागा. तो देईल. वर डिस्क, मास्टर सिलिंडर, फोर्क सगळं तुमच्याच ओट्यावर सोडून जाईल.

ते टाकू नका. शेजारच्या पोराने परवाच एक जुनी बुलेट घेतली आहे, आणि तिचा पुढचा ब्रेक लागत नाही म्हणतोय.