बॉयकॉटसाहेबांचं नशीब

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाजलं की पहिली घोषणा ठरलेली : "बॉयकॉट!" मला दर वेळी मूळ पुरुषाची कीव येते. सँडविचला अर्ल ऑफ सँडविचचं नाव पडलं, कारण तो ते खायचा. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटनं मात्र कोणाला वाळीत टाकलं नव्हतं. त्यालाच टाकलं गेलं. म्हणजे ज्याचा खिसा कापला, त्याच्याच नावानं पाकीटमारी ओळखायची!

हा गृहस्थ आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० वर अडला आणि कारभाऱ्यानं कुळं उठवायच्या नोटिसा काढल्या. त्याच सुमारास एनिसच्या सभेत पार्नेल या पुढाऱ्यानं विचारलं होतं, शेजाऱ्याची हिसकावलेली जमीन जो कसायला घेईल, त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेलनं याहून ख्रिस्ती उपाय सुचवला : त्याच्याशी बोलूच नका.

झालं. बॉयकॉटचे गडी निघून गेले, लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. बलुतेदारांच्या गावातून आलेल्या आपल्याला यात नवल ते काय? फरक एवढाच की आपल्याकडे वाळीत पडायचा तो बहुधा दुबळा, आणि इथे पडला तो कारभारी. (आपला प्रकार थांबवायला महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा करावा लागला, यावरून आपली चिकाटी कळावी.)

शेतात पीक उभं. ते काढायला अल्स्टरहून ५० स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक. सुमारे ५०० पौंडांच्या बटाटे-सलगमांपायी खर्च झाला १०,००० पौंड. एवढ्यात साहेबाला इंग्लंडातून शिजवलेली भाजी रोज पोचवता आली असती. पीक निघालं आणि साहेबानं गाव सोडलं, तेही लष्करी गाडीतून, कारण भाड्याचा गाडीवान मिळेना.

शब्दाचं बारसं केलं फादर ओमॅली या पाद्र्यानं. रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराला या प्रकारासाठी क्रियापद हवं होतं. 'ऑस्ट्रसाइझ' होतं, पण त्याचं मूळ ग्रीक : अथेन्सकर खापरीवर नाव लिहून नकोशा माणसाला दहा वर्षं हद्दपार करत. हे शेतकऱ्याला कोण समजावणार? पाद्री म्हणाला, सरळ 'बॉयकॉट करणं' म्हणा. पुढे हा शब्द पार जपानीपर्यंत गेला. ज्याच्याशी गावात कोणी बोलेना, त्याचं नाव जगाच्या तोंडी!

आडनावाचा गुणही जबर. १९६७ साली लीड्सला जेफ्री बॉयकॉटनं भारताविरुद्ध नाबाद २४६ धावा केल्या. आपल्या गोलंदाजांना साडेनऊ तासांत जे साधलं नाही, ते इंग्लंडच्या निवड समितीनं एका बैठकीत साधलं : फार हळू खेळला म्हणून पुढच्या कसोटीतून त्याला वगळलं.