हिरवा ठिपका

जुलैत वेल्ह्याकडे बघाल तिकडे हिरवं. खाचरं हिरवी, बांध हिरवे, ढगातून तोरण्याचा जेवढा भाग डोकावेल तेवढाही हिरवाच. पिवळा असतो तो फक्त ऑफिसच्या चॅटवर आमच्या टीममधल्या एका मुलाच्या नावापुढचा ठिपका. थोडा वेळ माउस हलला नाही की तो रंग बदलतो आणि आमच्या वरच्या साहेबांना वाटतं, पोरगा गेला लावणीला.

गेलाही असेल. मार्च 2020 मध्ये लॅपटॉप काखोटीला मारून तो हिंजवडीहून गावी गेला, तो तिकडचाच झाला. कागदोपत्री तालुका आता राजगड झाला, पण रेंज अजून वेल्ह्याचीच आहे. माळ्याच्या खिडकीत एक काडी, गच्चीवर दोन. डेटाबेसच्या कामात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही. हे त्याच्या आजीला मात्र पटवता येत नाही. तिच्या लेखी घरात बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस. ऐन मीटिंगमध्ये मागून आवाज येतो, ‘‘तुझं बोलून झालं असंल तर म्हसरं पाण्यावर ने.’’ क्लायंटला मराठी येत नाही, हे आमचं नशीब.

खरी देखरेख ही. पोरगा कुठे आहे हे आजीला सगळी आळी सांगते, तिला ठिपका लागत नाही. शहरातल्या साहेबांना आळी नाही, म्हणून ते बटणं मोजणारं सॉफ्टवेअर बसवतात. मग हुशार माणसं माउस आपोआप हलवणारं यंत्र विकत घेतात. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा देखावा करणाऱ्या डझनाहून अधिक लोकांना घरी पाठवलं. (त्यातले काही आधीच घरी असणार, ही गोष्ट वेगळी.)

लांबून कारभार हाकणं या मुलखाला नवीन नाही. राजगडावरून पाव शतक स्वराज्य चाललं. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या हलवर्ण्याच्या छावणीला लिहिलेलं पत्र मी आमच्या साहेबांना वाचायला देणार आहे. दाणागवत आत्ताच उधळलं तर पावसाळ्यात घोडी मरतील. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताला आग लागेल. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका. उंदरापर्यंतचा विचार आहे त्यात, पण कोण किती वाजता उठला याची चौकशी नाही. काय बिघडू शकतं आणि का, एवढं नीट सांगितलं आहे.

पत्र जुनं वाटलं तर साहेबांसाठी ताजा पुरावाही आहे. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाशेंवर कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. त्यात सॉफ्टवेअरवालेही होते. काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं. नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं, कामात फरक पडला नाही. मला गंमत वाटली ती साहेबलोकांची. आधी त्यांचा अंदाज होता की काम 2.6 टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच म्हणू लागले, एक टक्क्यानं वाढतं. माणसं तीच होती, साहेबांची धास्ती तेवढी ओसरली.

आम्हीही आता काम लिहून देतो, तारीख लिहून देतो. पुण्यात लाइट बहुधा गुरुवारी जाते, वेल्ह्यात तिच्या मनाला येईल तेव्हा. म्हणून मीटिंग थोड्या आणि आधी कळवून. लावणीच्या आठवड्यात वेल्ह्याचा पोरगा पहाटे आणि रात्री कोड लिहितो. विचारलेल्याला उत्तर मिळतं, उशिरा का होईना. नवख्या मुलांना मात्र हे झेपत नाही. त्यांना शेजारी बसून शिकवणारं कोणी लागतं, तिथे मी साहेबांच्या बाजूचा.

दिवाळी झाल्यावर साहेबांनी प्रथमच आपण होऊन त्या मुलाची चौकशी केली. मी उत्साहानं त्याच्या कामाची यादी उघडू लागलो. ‘‘ते राहू दे,’’ साहेब म्हणाले, ‘‘यंदा त्याच्याकडे इंद्रायणी काय किलो आहे, ते विचार.’’