दाढ क्रमांक ४६ यांस धोकादायक असल्याबाबत नोटीस

प्रति,
श्रीमती दाढाबाई,
उजवीकडची खालची, दंतवैद्यांच्या हिशेबात क्रमांक ४६,
मुक्काम माझा जबडा, बदलापूर पूर्व.

बाईसाहेब,

तुम्हाला काढायचं की ठेवायचं, याचा निकाल आमच्या घरात लागता लागत नाही. थोरल्याच्या बारावीची एवढी चर्चा झाली नव्हती. तेव्हा म्हटलं, जिच्यावर खटला आहे तिलाच एकदा जाहीरपणे विचारावं.

गुन्हा कबूल आहे ना? जागा उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. वेळ रविवार सकाळ. समोर दाल पकवान. डाळीवर चिंचेची चटणी, बारीक चिरलेला कांदा, शेजारी तळून कडक झालेलं पकवान. पहिला ‘कट्’ आवाज पकवानाचा होता. दुसरा तुमचा. जीभ फिरवली तर जुन्या चांदीच्या कडेला तुमची अख्खी भिंत हलत होती. मैद्याच्या पापुद्र्यापुढे आपण हात टेकलेत, बाईसाहेब! पकवानावर ढकलू नका. शेजारच्या टेबलावर एक आजोबा तेच पकवान खात होते, आणि त्यांच्या तोंडात तर कवळी होती.

आपलं वय ते काय? तुम्ही माणसाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येता, दुधाचे दात पडायच्या गडबडीत, गुपचूप, मागच्या दाराने. आईबापांना वाटतं हीही दुधाचीच, पडेल आणि दुसरी येईल. त्या गैरसमजावर तुमच्या किती बहिणी कुजल्या, याची गणती नसेल. पण तुमच्या वाट्याला तर ब्रश आला, पेस्ट आली, कॉलेजात असताना कीड कोरून चांदीही भरून मिळाली. इथून पुढच्याच स्टेशनावर, अंबरनाथला, वालधुनीच्या काठी शिलाहारांनी बांधलेलं शिवमंदिर आहे. शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. साडेनऊशेहून जास्त पावसाळे झेलून ते उभं आहे. तुम्हाला पन्नाशीही निघेना.

आणि तुमची ठणकायची वेळ! दिवसभर शहाण्यासारख्या बसता. रात्री पाठ टेकली की नगारे सुरू. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते असं: तुमच्या पोटात नस आहे, तिला सूज आली की पसरायला जागा नाही, भिंती टणक. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ती कोंडलेली नस बोंब मारते. मग एके दिवशी सगळं शांत झालं. घरात आनंदीआनंद. लवंगेच्या तेलाला श्रेय मिळालं, आईच्या मिठाच्या गुळण्यांना मिळालं. डॉक्टर म्हणाले, “बरी झाली नाही हो, मेली नस.” म्हणजे तुम्ही सुधारला नव्हता, फक्त गप्प झाला होता. आत पू धरण्याचं काम चालूच.

सल्लागारांना काय तोटा! सकाळच्या लोकलमध्ये अंबरनाथ येईपर्यंत तुम्हाला उपटून टाकायचं एकमताने ठरलं. उल्हासनगरला एकजण चढला, त्याच्या मेहुण्याची रूट कॅनल झाली होती, त्याने विठ्ठलवाडीपर्यंत ठराव फिरवला. कल्याणला निम्मे उतरले, ठराव तहकूब. सासऱ्यांचं म्हणणं, दाढ काढली की नजर जाते. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी, हे त्यांना सांगून झालं. आपण खालच्या मजल्यावर राहता हेही सांगितलं. ते म्हणाले, “तरी पण.” एका हितचिंतकाने गोळी कुटून हिरडीवर दाबायला सांगितली. तसं केलं की हिरडी भाजते, दाढ होती तशीच राहते.

मग मी आपल्या भागाला शोभेल असा मार्ग धरला, धोकादायक इमारतीचा. पालिका पावसाळ्याआधी याद्या काढते, त्यात वर्ग असतात. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडा. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-२ बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. (उल्हासनगरात २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. त्या यादीची थट्टा मी करणार नाही. थट्टा तुमचीच.) चांदी भरली तेव्हा तुम्ही सी-३ होता. रूट कॅनल म्हणजे सी-२ ए: आतली मेलेली नस बाहेर काढायची, तुमच्या दोन मुळांतले तीन-चार बोगदे साफ करायचे, गटापर्चाने बुजवायचे, वर कॅप. उपटणं म्हणजे सी-१.

वर्ग ठरवायचा तर ऑडिट हवं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पण चीर एक्स-रेत दिसेलच असं नाही. मग त्यांनी प्लास्टिकचा एक छोटा तुकडा तुमच्या एकेका टोकावर ठेवून चावायला लावलं.  एका टोकावर कळ थेट कानापर्यंत! ते समाधानाने “हं” म्हणाले. मग एक बारीक, खुणा कोरलेली सळई घेऊन हिरडीच्या कडेकडेने खोली मोजत निघाले. एकाच जागी ती अचानक खोल गेली असती तर मूळ उभं चिरलंय असं समजून विषय तिथेच संपला असता. तशी गेली नाही. तुम्ही थोडक्यात वाचलात, माजू नका.

“काढूनच टाका ना, स्वस्तात सुटू,” असं मी म्हणून बघितलं. काढणं स्वस्त खरंच. पण रिकाम्या भूखंडाचं आपल्या पट्ट्यात काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मागची शेजारीण हळूहळू पुढे झुकणार, वरची खाली उतरणार, मधल्या फटीत अन्न अडकून तिथे नवी कीड. उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला सरकारने २००६ साली खास कायदा केला. तोंडातल्या अतिक्रमणाला तसा कायदा नाही. पुढे ब्रिज बसवायचा तर दोन्हीकडचे धडधाकट दात घासायचे, म्हणजे तुमच्या पापाची शिक्षा शेजाऱ्यांना. इम्प्लांट करायचं तर रूट कॅनल आणि कॅप धरूनही जेवढे होतात, त्याहून जास्त मोजायचे. आणि अपघात सोडला तर दाताचा खर्च बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाही; तिथे तुमचा आणि गालावर पाडलेल्या खळीचा भाव एकच.

म्हणून काढायची घाई नाही, पण तुमचे लाडही नाहीत. चांदी खरवडून आत बघायचं. चीर वरच्या भिंतीपुरती असेल आणि हिरडीच्या वर कॅप धरायला दोनेक मिलिमीटर निरोगी दात उरत असेल, तर सी-२ ए. चीर तळमजल्याच्या फरशीतून आरपार गेली असेल, तर त्याच खुर्चीत, त्याच भुलीत सी-१. अपील नाही. आणि तोवर गाल सुजला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर तुमच्या तारखेची वाट न बघता मी सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाईन. खालच्या दाढेचा पू गळ्याकडे उतरला की श्वास कोंडतो, एवढं मला कळतं.

तारीख गुरुवार, संध्याकाळची. तोवर जेवण डावीकडून. पकवान बंद.

आपला,
जबड्याचा मालक

प्रत माहितीसाठी रवाना:
क्रमांक १६, वरचा मजला. खाली उतरायची तयारी करू नये.
क्रमांक ४७, शेजार. जागा रिकामी झाल्याचं अद्याप जाहीर झालेलं नाही. कृपया सरळ उभं राहावं.