जुडी कोण निवडणार?

फळांशी आपला संबंध मुख्यतः दोन प्रसंगी येतो: घरात कुणी आजारी पडलं की, आणि घरात पूजा असली की. धडधाकट माणूस दुपारी चार वाजता मोसंबी सोलायला बसला, तर "का हो, बरं नाही का?" असं विचारणारा कुणीतरी भेटतोच. रुग्णाच्या उशाशी सफरचंदांची पिशवी ठेवल्याशिवाय त्याला भेटून आल्याचं समाधान मिळत नाही. ती सफरचंदं रुग्ण खात नाही, कारण त्याच्या तोंडाला चव नसते. रात्री सोबतीला थांबलेला भाचा ती खातो. सार्वजनिक आरोग्य सुधारतं ते एवढंच, भाच्यापुरतं.

पूजेच्या यादीत 'पाच फळं' असतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९८८ साली तिथल्या आरोग्य खात्याने 'दिवसातून पाच' अशी मोहीम काढली. फळं आणि भाज्या मिळून रोज पाच वाटे खा, असा तिचा सांगावा. पुढे ती कल्पना देशोदेशी गेली. आपण पाचांचा हा हिशेब देवापुढे कधीपासून मांडतो आहोत. फक्त आरतीनंतर ती पाच फळं चिरून चाळीस माणसांत वाटली जातात आणि प्रत्येकाच्या तळहातावर केळ्याची एक चकती नि डाळिंबाचे चार दाणे येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वाट्यांचं वजनही सांगून ठेवलं आहे: दिवसाला किमान ४०० ग्रॅम. इथवर ठीक होतं. पण त्या ४०० ग्रॅमांत बटाटा धरायचा नाही, असंही ती म्हणते. बटाटा पिष्टमय, त्याची गणना पोळीभातात. हा आपल्यावर मोठाच घाला आहे. लग्नात पुरीबरोबर बटाटा, प्रवासाच्या डब्यात बटाटा, उपवासाला बटाटा, वड्याच्या पोटात बटाटा. 'भाजी काय करू?' या सनातन प्रश्नावर घरोघरी जे उत्तर मिळतं, त्यालाच संघटनेने पंक्तीतून उठवलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यांतलं दिवसभराचं नमुन्याचं ताट पाहिलं तर भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम. चार मोठी माणसं असलेल्या घरात याचे रोजचे २ किलो होतात, महिन्याचे ६०. एवढं ओझं तिसऱ्या मजल्यावर नेण्याने होणारा व्यायाम हा वरचा फायदा समजावा.

भाज्या-फळं खाल्ल्याने हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका कमी होतो, पोट साफ राहतं, पालेभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, हे आता शेंबडं पोरही सांगेल. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२१ हे फळं आणि भाज्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षी आपण करोनाच्या धास्तीने भाज्या खाण्यापेक्षा त्या धुण्यात जास्त गुंतलो होतो, ही गोष्ट वेगळी.

मग अडतं कुठे? भाव हे एक कारण आहेच. मेथीची जुडी कडाडली की गरिबाच्या ताटातून ती आधी जाते. पण भाव उतरल्यावरही जुडी पिशवीत पडून पिवळी का होते, याचं उत्तर पोषणाच्या तक्त्यात सापडत नाही. साऱ्या मोहिमा माणसाच्या तोंडाशी बोलतात. भाजी मात्र तोंडाच्या कितीतरी आधी, हाताशी अडते.

मेथीची जुडी सोडायची, गवताच्या काड्या वेचायच्या, मुळं छाटायची, पान न् पान खुडायचं, तीनदा पाणी बदलून माती काढायची, चिरायची. मग परातभर मेथी कढईत पडते आणि बघता बघता वाटीभर होते. केळफुलाचा मामला याहून कठीण. हाताला तेल लावून एकेक फूल उघडायचं, त्यातला ताठ दांडा आणि पातळ पापुद्रा काढून टाकायचा, चिरून ताकाच्या पाण्यात भिजत घालायचं. हे सगळं झाल्यावर घरातलं कुणीतरी ताटाकडे बघून म्हणणार, "आज भाजी हीच का?" केळफूल आपल्या स्वयंपाकघरातून हळूच का गेलं आणि कोबी तिथे ठाण मांडून का बसला, हे कोबी चिरायला लागणाऱ्या वेळावरून कळतं.

जुन्या पंचांगाने हा पेच आपल्या परीने सोडवला होता. भोगीला वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा एकत्र आणि वर तीळ. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्या. काही घरांत गौरीला सोळा भाज्या. 'तंतुमय पदार्थ पोटात जावेत' असं म्हणून भोगीची भाजी कुणी खाल्लेली नाही. सण आहे म्हणून खाल्ली, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर झक्क लागते म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतली. त्या सोळा भाज्या निवडायला आत्या, काकू, मावशा, नणंदा, जावा अशी फौज गोलाकार बसे. फौजेत काका, मामा कधी दिसत नसत, एवढीच त्या व्यवस्थेतली मेख. ती फौज आता नोकरीवर जाते, आणि तिने जावंच. परात मात्र तिच्या परत येण्याची वाट पाहत तशीच ओट्यावर राहिली.

म्हणून सरकारने घोषवाक्य बदलावं, अशी एक नम्र सूचना. 'भाज्या खा' ऐवजी 'भाज्या निवडा' म्हणावं, आणि ते फलक स्वयंपाकघरात न लावता दिवाणखान्यात, टीव्हीच्या बरोबर समोर बसणाऱ्याला दिसेल असे लावावेत. क्रिकेटच्या एका डावात चार जुड्या सहज होतात. शिवाय अर्धा तास मान मोडून मेथी निवडलेला माणूस ती ताटात टाकत नाही; उलट दुसऱ्याने टाकली तर लोह आणि जीवनसत्त्वांवर त्याला खणखणीत व्याख्यान देतो. म्हणजे मोहिमेला बिनपगारी प्रचारकही घरच्या घरी मिळतो.